पऱ्हाटीतली साखर

आज थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, चुलीपासूनच सुरू करतो.

जुन्या जालन्यात वाढलेल्यांना पऱ्हाट्या वेगळ्या सांगायला नकोत. कापूस वेचून संपला की वाळलेली झाडं उपटायची, भारे बांधायचे आणि वर्षभर चुलीत घालायचे. पेट छान घेतात, धूरही तसाच करतात. मध्यंतरी आत्याला म्हटलं, याच पऱ्हाटीपासून साखर आणि साखरेपासून गाडीचं इंधन निघतं. ती म्हणाली, "काहीबाही सांगू नको. साखर असती तर बैलानं सोडली असती का?"

प्रश्न अगदी शास्त्रीय आहे! ज्वारीच्या दाण्यातलं पीठ आणि काडीतलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक फक्त मणी जोडण्याच्या पद्धतीत. दाण्यातली जोड आपल्या पोटात सुटते, काडीतली सुटत नाही. बैलाच्या पोटातले जिवाणू ती सोडवतात, म्हणून तो कडबा खातो. पण पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूडच. तिच्यात लिग्निन नावाचा डिंक भरपूर, आणि त्यापुढे बैलाचेही जिवाणू हात टेकतात.

कारखान्यात म्हणून आधी आम्ल आणि वाफ वापरून ही वीण सैल करतात, मग एन्झाइमं घालून माळा तोडतात आणि शेवटी यीस्ट. यातल्या एन्झाइमांची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले. कोण खातंय ते शोधताना एक बुरशी सापडली, ट्रायकोडर्मा. पुढे शास्त्रज्ञ एल्विन रीझ यांचं नाव तिला मिळालं. तंबूची ती वैरीण आज याच कामासाठी मुद्दाम वाढवतात. म्हणजे कापूस खाणारीच आपल्या कामाला आली...

आपल्याकडेही हे नुसतं कागदावर नाही. माटुंग्याच्या आयसीटीतलं तंत्र २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला चालवून दाखवलं गेलं. पुण्याच्या प्राजने २०१७ साली दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्यांचंच तंत्र वापरून २०२२ साली पानिपतला इंडियन ऑइलच्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं: वर्षाला सुमारे २ लाख टन भाताचा पेंढा, त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असं उद्दिष्ट. म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

मग जालन्यात का नको? कापूस आहे, पऱ्हाट्या आहेत. शिवाय बोंडं लटकलेल्या पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या की गुलाबी बोंडअळी त्यात दबा धरून बसते, आणि २०१७ साली तिने काय केलं ते शेतकऱ्यांना सांगायला नको. वेळेवर कोणी उचलून नेल्या तर बरंच.

पण माल हलका, जागा खाणारा. ट्रक भरलेला दिसतो, वजन मात्र भरत नाही. गावोगावचे भारे गोळा करण्यातच निम्मा नफा जाईल अशी मला शंका आहे.

आणि एक गोष्ट कुठल्याच हिशोबात दिसत नाही. आमच्याकडे शेत साफ करणाऱ्या बाया मजुरीतला काही भाग पऱ्हाट्यांतच घ्यायच्या. डोक्यावर भारा, पाठीमागे पोर. सिलिंडर परवडत नाही तिथे आजही चूल पेटते. उद्या पऱ्हाटीला टनाचा भाव लागला, तर पैसे शेतमालकाच्या खात्यात जातील. त्या बायांच्या चुलीत काय जाईल, हे त्यांना विचारायला कोण जाणार आहे?