बाजार गावाला जातो

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. वाईच्या बाजाराला तेवढा धीर नसतो. माघात आजूबाजूच्या शिवारांतली हळद निघायला लागली की इथला ऋतू पालटतो. नऊ महिने मातीत वाढलेले कंद कुदळीनं उकरायचे, कायलीत शिजवायचे, खळ्यावर उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मग पिंपात फिरवून त्यांची साल घासून काढायची. एवढे सोपस्कार झाल्यावर हळद पोत्यांतून आडतीवर येते. मग हमालांच्या बंड्या पिवळ्या होतात, काट्याचं तागडं पिवळं होतं, दिवाणजींच्या टोपीची कडसुद्धा सुटत नाही. लग्नसराई लांब असते, पण बाजाराला हळद लागलेली असते.

त्याच सुमाराला पसरणीच्या घाटातून स्ट्रॉबेरीच्या पेट्या उतरत असतात. वर पाचगणी-महाबळेश्वरला अजून स्वेटर निघालेले नसतात आणि खाली वाईत दुपारी रसवंतीचे घुंगरू वाजायला लागतात. दुकानांच्या पुढच्या फळीवर काय मांडलंय यावरून तिथी सांगता येते. कवठं, रताळी आणि बेलाच्या जुड्या दिसल्या की महाशिवरात्र. गोवऱ्यांचे ढीग आणि पिचकाऱ्या आल्या की शिमगा. त्या आवरतात न आवरतात तोच साखरेच्या गाठी दोरीवर लोंबायला लागतात, बुरूड आळीच्या बाहेर कळक उभे राहतात, कडुनिंबाच्या डहाळ्या फुकट मिळायच्या त्या विकत मिळायला लागतात. गुढी उतरली की माठ आणि कैऱ्या. फळीच्या मागं मात्र वर्षभर तेच तेल, तीच डाळ, तोच गूळ. सण पुढं, संसार मागं, अशी किराणा दुकानाची मांडणी.

वाई हे देवळांचं आणि घाटांचं गाव म्हणून पाहुण्यांना दाखवलं जातं, आणि ते खोटं नाही. रास्त्यांनी इथं हात सैल सोडून बांधकामं केली. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या इतकं कडेला आहे की त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. पुराचं पाणी येऊन त्या टोकावर आपटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. शास्त्रीपंडितांच्या या गावात १९१६ साली प्राज्ञपाठशाळा निघाली, आणि पुढं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून मराठी विश्वकोश उभा केला. पण ज्यांच्या येण्यानं वाईचा रोजचा दिवस चालतो ती माणसं ना घाट बघायला येतात, ना कोश. ती एसटीनं, जीपनं, दुचाकीवर गॅसची टाकी आडवी बांधून येतात. खत, पाइप, चष्मा, लग्नाचा बस्ता, म्हातारीचं औषध, तहसिलीतला उतारा, सगळं एका फेरीत उरकून संध्याकाळच्या आत परत जातात. बाजारपेठेचं गाव म्हणजे काय, तर भोवतालच्या पन्नास गावांची वाट जिथं येऊन मिळते ती जागा.

वर्षभर ही वाट एकाच दिशेनं चालते. गाव बाजाराला येतो. वसंतात ती उलटी फिरते.

याची तालीम वाई आधी स्वतःच्या घरात करते. माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. वाईत नदी ही देवी आहे आणि ती एका आळीची नाही. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह, ब्राह्मणशाही असे सात घाट, आणि प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी, उत्सव वेगळा. सांगतात ते असं की, १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईला पडला होता तेव्हा महाराजांना यश मिळावं म्हणून कुणी कृष्णाबाईला नवस बोललं, आणि तो अजून फेडणं चालू आहे. इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. एवढी वर्षं हप्ते न चुकवलेलं दुसरं देणं वाईच्या बाजारात सापडायचं नाही.

मला या उत्सवात सगळ्यांत शहाणपणाची वाटते ती त्याची पाळी. सातही घाट एकाच दिवशी उत्सव करत नाहीत, एकापाठोपाठ करतात. एका घाटावर मांडव पडतो, पालखीतून देवी येते, बायका ओट्या भरतात, कीर्तन होतं, पंगती उठतात. तिथलं आवरलं की पुढचा घाट. म्हणजे प्रत्येक आळी एकदा यजमान होते आणि सहा वेळा पाहुणी. आपल्या पाळीला दुसऱ्या आळीच्या बायका काय नेसून आल्यात हे बघायचं असतं, दुसऱ्यांच्या पाळीला त्यांच्या आमटीत मीठ कमी पडलं का ते. एरवी आळीआळीत भिंती आहेत, गटार कुणाच्या दारावरून जातं यावरून वर्षानुवर्षं अबोले आहेत. पण ओटी भरून घ्यायला आलेल्या बाईला, तू कुठल्या आळीची, असं विचारायची पद्धत नाही.

शिमग्यापर्यंत हे घरातलं झालं. मग रंगपंचमी येते आणि वाई उठून बावधनला जाते.

बावधन वाईपासून जवळ, भैरवनाथाचं गाव. होळीच्या पौर्णिमेला देवळात कौल लागतो आणि त्या वर्षीचा बगाड्या ठरतो. नवस फेडायला उभे राहिलेल्यांतून देव एकालाच घेतो. पंचमीला कृष्णेकाठी सोनेश्वरला बगाड सजतं. दगडी चाकं, त्यावर कणा, मध्ये खांब आणि खांबावर आडवं फिरणारं उंच शीड. त्या शिडाच्या टोकाला बगाड्याला बांधतात. पूर्वी पाठीत गळ टोचत, आता कापडानं आणि दोरानं बांधणं होतं. मग खिलारी बैल जुंपतात. हे बैल काही जणांनी वर्षभर याच दिवसासाठी पोसलेले असतात. वाट डांबरी नाही, शेतातून. चाक ढेकळांत रुतलं की हजार माणसं एकदम ओरडतात, बैल मानेवर येतात आणि अख्खं लाकडी धूड कुरकुरत पुढं सरकतं. वर बगाड्या, खाली गुलाल, मागं धुरळा. ज्या पिकातून बगाड गेलं त्या पिकाचा मालक भरपाई मागत नाही. गव्हात चाक गेलं की देव शेतात येऊन गेला असं धरतो.

त्या दिवशी वाईची मुख्य पेठ अर्धी बंद असते. कापडवाले, भुसारवाले, सोनार, मोबाइलवाले सगळे त्या धुरळ्यात. दुकानात ज्यांचा स्वर वरचा असतो ते इथं बाजूला सरकून उभे राहतात, कारण दोर कुठं ओढायचा आणि बैल कुठं सोडायचा हे त्यांना कळत नाही. जो शेतकरी परवा दुकानात पाइपचा भाव ऐकून गप्प झाला होता तो इथं हात वर करून हुकूम सोडतोय आणि शेठ त्याचं ऐकतायत. २०२१ साली साथीमुळं जमावबंदी होती. तरी बगाड निघालं आणि गुन्हेही दाखल झाले. ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा मिळणारी ही उलटी बाजू सोडणं लोकांना किती जड जातं, ते त्या वर्षी दिसलं.

बावधनपासून पुढं चैत्रभर जत्रांची रांग लागते. कुठं भैरवनाथ, कुठं जोगेश्वरी, कुठं म्हसोबा. तारखाही अशा वाटून घेतलेल्या की पाहुण्याला एकाकडून दुसऱ्याकडं जाता यावं. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण, दुपारी कुस्त्या. फडाची सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. चड्डी सावरत पोरं लढतात आणि मूठभर रेवड्या घेऊन पळतात. शेवटची कुस्ती होईपर्यंत इनाम हजारांत गेलेलं असतं. मुंबईहून गाड्या भरभरून येतात. इथल्या माणसांनी आधी गिरण्यांत घाम गाळला, मग माथाडी होऊन वाशीच्या बाजारात पोती उचलली. तो सगळा मुंबईचा बाजारही या दोन दिवसांपुरता गावाला येतो आणि पारावर बसून, यंदा पाण्याचं काय, असं विचारतो.

जत्रेच्या आधीच्या आठवड्यात गावाकडचं माणूस दुकानात येतं. यादी मोठी असते. तेल, खोबरं, खसखस, गरम मसाला, गूळ, चणाडाळ, पत्रावळ्या. माल बांधून होतो, रक्कम वहीत चढते, आणि पायरी उतरता उतरता तो वळून म्हणतो, "शेठ, जत्रंला यायचं बरं का. वैनींना, पोरांना घेऊन. औंदा चुकायचं न्हाई."

हे आवतण टाळता येत नाही. दुकानदार जातो. वर्षभर तो गादीवर बसलेला आणि गिऱ्हाईक उभं, असा दोघांचा संबंध. जत्रेच्या दिवशी शेठ ओसरीवरच्या सतरंजीवर मांडी घालून बसतो आणि गिऱ्हाईक उभं राहून वाढतं. उभा कोण आणि बसलेला कोण हे तेच असतं, पण हात कुणाचा वर आहे ते बदललेलं असतं. वाढणारा तो. पुरे म्हणायचं आपण, आणि ते त्यानं ऐकायचं नाही. "अवो शेठ, काय लाजताय, घ्या की," म्हणत तो भाकरीवर रस्सा ओततो. त्या रश्श्यातलं तेल, खोबरं, मसाला शेठच्याच दुकानातून उधारीवर आलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. दोघांपैकी कुणी त्याचा उच्चार करत नाही. त्या दिवशी वहीला सुट्टी. आणि शेठ घरी निघताना त्याच्या गाडीत शेंगांची पिशवी ठेवली जाते, तिची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

कुणी म्हणेल हा कर्जबाजारी माणसाचा बडेजाव आहे. मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडं वर्षभर फक्त देणेकरी म्हणून बघितलं जातं, त्याला एक दिवस तरी देणारा व्हावं लागतं. नाहीतर बाजाराचा रस्ता त्याला पायाखाली घ्यावासा वाटणार नाही. दुकानदारालाही त्या ओसरीवर बसल्यावर कळतं की वहीतलं नाव म्हणजे एक घर आहे, तिथं म्हातारी खोकतेय, पोरगी बारावीला आहे, पत्रा यंदाही बदललेला नाही. पुढच्या महिन्यात तगादा लावताना त्याचा आवाज थोडा खाली येतो. जत्रेच्या एका जेवणानं किती खाती बुडता बुडता सावरली असतील, त्याचा हिशेब कुठल्याच सहकारी संस्थेनं मांडलेला नाही.

पण या ओसरीवर सगळ्यांना सारखी जागा होती असं समजू नये. पालखीपुढं हलगी वाजवणारा पंगतीत कधी बसायचा? सगळे उठल्यावर. गावकीची कितीतरी कामं एका बाजूनं मान होती आणि दुसऱ्या बाजूनं सक्ती. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या अनेक घरांनी ती सोडून दिली, आणि गावोगाव त्यावरून तंटे झाले. वाढणारा हात एक दिवस वर यावा हे सुख त्यांना जुन्या जत्रेत मिळणार नव्हतं, ते त्यांनी दुसरीकडं उभं केलं. चौदा एप्रिल येतो तो नेमका याच जत्रांच्या दिवसांत. त्याच बाजारातून निळं कापड गठ्ठेच्या गठ्ठे उचललं जातं, त्याच आचाऱ्याला सांगितलं जातं, आणि वस्तीत पंगत बसते तेव्हा पेठेतल्या शेठलाही आवतण असतं. जो पूर्वी शेवटी जेवायचा तो इथं वाढपी आहे. वसंतातल्या या उलट्या वाटेवरचं सगळ्यांत लांबचं अंतर त्यानं तोडलं आहे.

आता बाजार बदलतोय. गावात गल्लीच्या तोंडाशी दुकान झालंय, पैसे मोबाइलवरून जातात, उधारीची वही बारीक होत चालली आहे. जत्रेच्या पत्रिका फोनवर येतात आणि एकाच वेळी दोनशे जणांना जातात. मोठ्या काचेच्या दुकानात माल स्वस्त मिळतो हे खरं; पण तिथल्या बिलाच्या यंत्राला जत्रेला बोलवावं असं कुणाच्या मनात येत नाही.

आमच्या पेठेत एक जुने किराणा व्यापारी आहेत. त्यांच्या गल्ल्याच्या वर खिळ्याला कॅलेंडर असतं आणि चैत्र-वैशाखाच्या चौकटींत गावांची नावं पेन्सिलीनं लिहिलेली असतात. शेजारी एका तरुणानं नवं दुकान काढलं, झगझगीत दिवे लावले, घरपोच सेवा सुरू केली. धंदा कसा काय, असं विचारलं तर म्हणाला, "झकास चाललंय काका, रोजचा गल्ला वाढतोय." म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "गल्ल्याचं राहू दे. कुठल्या जत्रेचं आवतण आलं का यंदा?" पोरगा हसला, नाही म्हणाला. "मग दुकान निघालंय नुसतं," काका म्हणाले, "बाजारात बसलं नाही अजून."