अरुंद वाट

निकाह, अकीका, शाळेतले कार्यक्रम, हजहून परतलेल्या वडीलधाऱ्यांचे स्वागत, सारे काही आता मोबाईलमध्ये साठते. मोबाईल भरला की कुणीतरी सुचवते, “घरात नेटवर्कला जोडायची डिस्क घ्या.” बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात. स्वस्तातलाही असा डबा मिळतो.

आमच्याकडे तो आला मरहूम अब्बांमुळे. नातवंडांना सांगितलेल्या गोष्टींची त्यांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, जुने फोटो आणि व्हिडिओ असा सुमारे ४०० जीबीचा ऐवज जुन्या संगणकात होता आणि त्याची डिस्क खडखड वाजू लागली होती. अम्मी सारखी विचारायची, “बेटा, अब्बांचा आवाज जाणार तर नाही ना?”

डब्यावर ‘१ गिगाबिट’ लिहिलेले, पण कॉपीचा वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जाईना. म्हणजे दहा तास! मरणपंथाला लागलेली डिस्क तेवढी टिकेल का? दुकानदार म्हणाला, “स्वस्त माल आहे, असेच चालणार.”

मी आणि माझा मुलगा हिशेब मांडून बसलो. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १,००० मेगाबिट म्हणजे जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा, प्रत्यक्षात ११! आकडा तंतोतंत जुळला. अडथळा डब्यात नव्हता. इंटरनेटसोबत मिळालेल्या राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे होते. शाळा सुटल्यावर मैदान कितीही मोठे असले तरी मुले फाटकाच्या रुंदीनेच बाहेर पडतात, तसे हे.

मग राउटर बाजूला ठेवून संगणक आणि डबा एकाच केबलने थेट जोडले. दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे होते. सव्वा तासात सारा ऐवज उतरला, अल्हम्दुलिल्लाह. अम्मीने त्या रात्री अब्बांची गोष्ट दोनदा ऐकली.

असा डबा घेणार असाल तर आधी राउटरचे पोर्ट बघा. केबलमध्ये आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच असतील तर वेग १०० मेगाबिटवरच अडतो. पहिली मोठी कॉपी वायफायवरून करू नका, भिंती आणि अंतर वेग खातात. हजारो लहान फोटो एका मोठ्या व्हिडिओपेक्षा सावकाश उतरतात आणि स्वस्त डब्याचा साधा प्रोसेसर तिथे खरोखर दमतो. मात्र मोबाईलवर घरचा व्हिडिओ पाहायला १०० मेगाबिटही पुरतात, त्यासाठी महागडा डबा नको.

वाचलेल्या पैशांत दुसरी डिस्क घ्या आणि त्याच ऐवजाची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमची भाईजानकडे आहे. वेग कमी असला तर वाट पाहता येते. गेलेला आवाज मात्र परत मिळत नाही.