पाठीवरचे फिरते ठाणे

चि. माधवास,

तुझे पत्र पावले. मल्लखांबाच्या तालमीत वस्ताद दंडाविषयी चकार शब्द न काढता दर खेपेस तुझ्या खांद्याच्या पात्यावर थाप मारून ‘आधी हे जागे कर’ म्हणतात आणि त्यातले मर्म तुला उमगत नाही, असे तू लिहितोस. वस्तादांचा रोख अचूक आहे. शरीररचनेच्या वर्गात या हाडाच्या कडा नि कंगोरे मुखोद्गत करविले जातात. ते चालते कसे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

दुसऱ्यापासून सातव्या बरगडीपर्यंतच्या मुलखावर पसरलेले हे त्रिकोणी हाड मधल्या भागी इतके पातळ असते की उजेडासमोर धरले असता पलीकडचा प्रकाश झिरपतो. धडाच्या सांगाड्याशी त्याचे अस्थिबद्ध नाते गळ्याच्या पायथ्याशी असलेल्या जत्रूच्या आडव्या हाडामार्फत तेवढे आहे. बैलाला तर तेही नाही, त्याचे पुढचे धड केवळ स्नायूंच्या बळावर दोन पात्यांच्या मध्ये तोललेले असते. माणसात उरलेला सारा बंदोबस्त सतरा स्नायूंकडे आहे आणि त्यांच्याच हुकमतीत हे पाते बरगड्यांवरून सरकते, कलते, फिरते.

आता हात बाजूने उचलून कानाला लाव. दंड १८० अंशांतून फिरला असे तुला वाटेल. पण त्यांतले सुमारे १२० अंशच दंडाच्या हाडाच्या गोलाने पात्यावरच्या खोबणीत फिरून मिळविलेले असतात, बाकीचे ६० पात्याने स्वतः वळून पुरविलेले असतात. या मेळाला बॉस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली नाव दिले आणि १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स व अॅबट यांनी त्याचे दोनास एक हे प्रमाण मांडले. आरंभीच्या तीसेक अंशांत मात्र ते माणसागणिक बदलते. खांद्याची खोबण इतकी उथळ आहे की गोलाचा जेमतेम तिसरा हिस्सा तिच्यात मावतो. अशी खोबण जागच्या जागी ठाम राहिली असती, तर हात वर जाताच गोल निसटू लागला असता, वरच्या अस्थिछताखाली स्नायुरज्जू चेंगरले असते आणि दंड उचलणारा स्नायू आखडून अर्ध्या वाटेतच निर्बल झाला असता. म्हणून, जमाबंदीच्या दिवसांत साहेबाची कचेरी डेरेदांडे घेऊन रयतेच्या मागोमाग गावोगाव फिरत असे, तशी ही खोबण हाताच्या मागोमाग आपले ठाणे हलवीत जाते.

हे ठाणे हलविणारे मुख्य अंमलदार दोन. मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस, आणि वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून करवतीच्या दात्यांसारखा निघून पात्याच्या आतल्या कडेला बिलगणारा सेरेटस अँटीरियर. या दुसऱ्याचा मज्जातंतू छातीच्या कडेने उघड्यावरून उतरतो. खांद्यावरच्या जड ओझ्याने किंवा काखेतील शस्त्रक्रियेत तो दुखावला, की भिंतीला रेटा देताच पाते पाठीतून बाहेर उभे राहते आणि धडधाकट दंडाचाही हात डोक्यावर जाईनासा होतो. सुश्रुताने १०७ मर्मांत अंसफलकाची, म्हणजे खांद्याच्या पात्याची, गणना करून तेथील आघाताने बाहू बधिर होतात वा सुकतात असे सांगितले आहे. गाऱ्हाणे हाताचे आणि ठिकाण पाठीचे, हा संबंध त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

वस्तादांचेही हेच म्हणणे. मल्लखांबाला लटकताना पाते सैल सोडलेस, तर देहाचा सारा भार सांध्याच्या बंधांवर पडतो. ते खाली ओढून बरगड्यांशी बसविलेस, की तोच भार पाठीचे स्नायू घेतात. दंडाचा घेर मोजण्याचा तुम्हां मुलांचा शौक मला ठाऊक आहे. त्याने वस्ताद प्रसन्न होणार नाहीत.

जाता जाता एक काम सोपवितो. तुझ्या आजीचा उजवा हात फळीपर्यंत पोहोचत नाही असे वहिनींनी कळविले आहे. आजीच्या मागे उभा राहून तिला दोन्ही हात सावकाश उचलायला सांग आणि उजवे पाते डाव्याच्या आधीच वर सरकू लागते काय, ते पाहा. सांधा आखडला असेल, तर दंडाच्या वाट्याचे काम पाते सुरुवातीपासूनच अंगावर घेते. तसे दिसल्यास हात बळेच ओढू नये; डॉक्टरांना दाखवावे आणि मला उलट टपाली कळवावे.

तुझा,
काका