भाकऱ्यांतला र

नवा फाँट हाती आला की मी आधी एकच ओळ टाइप करतो : ‘शेंगा चटणी, कडक भाकऱ्या’. सोलापुरातल्या पाटीसाठी याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. ‘शेंगा’त देठाचा श आणि त्याच्या डोक्यावर मात्रेशेजारी दाटीनं बसणारा अनुस्वार. ‘भाकऱ्या’त तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. हिंदीपुरता विचार करून काढलेले फाँट इथंच आपटतात. कुणी र चा पाय मोडून मोकळा होतो, कुणी रफार चढवून ‘भाकर्या’ करतो. मग गिऱ्हाईक विचारतं, “हे काय लिवलंय, मालक?”

हातानं गमतीत काढल्यासारखा फाँट करणं सोपं, असा समज आहे. वाकडंच काढायचं, मग चुकणार काय? पण देवनागरी अक्षर जाड करत गेलं की जागा संपते. वर शिरोरेघ आणि मात्रा, खाली उकार, मध्ये पोट. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींचा ‘मोदक’ बघा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षरं इतकी फुगवली, की पोटातली पोकळी बुजून पांढरी रेघ तेवढी उरते. अक्षर ओळखू येतं ते त्या रेघेमुळं. गणपतीच्या फ्लेक्सवर तो खुलतो. वर्गणीच्या पावतीवर मात्र नुसते काळे गोळे दिसतात.

माझ्या रोजच्या कामाचा म्हणजे त्यांचाच ‘बालू’. या गावात मराठीशेजारी कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू पाटी आणि तिच्याजवळची मराठी पाटी एकाच घरातल्या वाटाव्यात, असं पूर्वी ब्रशनं जमायचं, संगणकावर नाही. बालूचा कन्नड अवतार ‘तम्मा’, तेलुगू ‘तम्मुडू’. दोन्हींचा अर्थ धाकटा भाऊ. उर्दू अवतार ‘भाईजान’. (तो उर्दूच्या नेहमीच्या नस्तालीक वळणाचा नाही, तेव्हा हातानं उर्दू लिहिणारा जुना कातिब नाक मुरडणारच.) तेलुगूला शिरोरेघ नाही, अक्षराच्या डोक्यावर छोटी खूण असते. त्यामुळं देवनागरीचे तुकडे तिथं चिकटवून भागत नाही. सारखं ठेवायचं ते ब्रशचं वजन आणि कोपऱ्यांची गोलाई.

एक गोष्ट मात्र फाँटला सहज साधत नाही. कमल शेडगे (1935–2020) नाटकाचं शीर्षक काढायचे तेव्हा अक्षरं त्या नाटकापुरतीच जन्माला यायची. फाँटमधून ‘काका’ लिहा : दोन्ही का हुबेहूब, जुळे. हाताचा दुसरा का कधीच पहिल्यासारखा येत नाही. एकाच अक्षराची दोन-तीन रूपं काढून ती आळीपाळीनं येतील अशी सोय फाँटमध्ये करता येते; पण देवनागरीत जोडाक्षरांसकट ते करायचं म्हणजे काम कैकपटीनं वाढतं. म्हणून मी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून घेतो आणि दुसऱ्या का चा काना केसभर तिरका करतो. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. त्याचे पैसेही मी लावत नाही.