नात्याचे खोटे नाव : कार्टून मालिकांतील समलिंगी प्रेमाचा इतिहास

#थ्रेड

(१)
सन २००० मध्ये उत्तर अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दोन तरुणी अवतरल्या. एक आखूड केसांची, वेगाने गाडी हाकणारी, बहुधा पुरुषी वेशात वावरणारी. दुसरी व्हायोलिन वाजवणारी, चित्रे काढणारी. दोघी सदैव सोबत असत. एकमेकींकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जे दिसे, ते ओळखण्यासाठी प्रेक्षकाला फार वय असावे लागत नव्हते. इंग्रजी संवादांनी मात्र त्या दोघींना एकमेकींच्या ‘कझिन’ ठरवले होते.

(२)
ही मालिका म्हणजे जपानची ‘सेलर मून’. नाओको ताकेउची यांच्या चित्रकथेवर आधारलेली ही मालिका १९९२ ते १९९७ या काळात जपानमध्ये चालली. हारुका आणि मिचिरू, म्हणजेच सेलर युरेनस आणि सेलर नेपच्यून, १९९४ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात आल्या. त्या प्रेयसी आहेत हे मूळ कथेत गुपित नव्हते. इंग्रजी डबिंगमध्ये नाते बदलले गेले. चित्रे बहुतांशी तीच राहिली. त्याआधी १९९५ मध्ये, पहिल्या पर्वाच्या इंग्रजी अवतारात, झोइसाइट या पुरुष पात्राला स्त्रीचा आवाज देऊन स्त्री करण्यात आले होते. कारण त्याचे प्रेम कुन्झाइट या दुसऱ्या पुरुषावर होते.

(३)
मराठी कानाला येथे एक गंमत जाणवेल. आपल्याकडे दोघी बहिणी असल्याचे कोणी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला : सख्ख्या, चुलत, मामे, आते की मावस? इंग्रजीतील ‘कझिन’ हा शब्द असे काहीच विचारत नाही. लपवण्यासाठी याहून ऐसपैस शब्द सापडणे कठीण. परंतु चित्रे न बदलता शब्द बदलल्याचा परिणाम उलटा झाला. पडद्यावर आता दोन ‘बहिणी’ एकमेकींच्या प्रेमात असल्यासारख्या दिसू लागल्या, आणि झाकपाक मुळापेक्षा अधिक विचित्र ठरली.

(४)
प्रेमाला नात्याचे खोटे नाव देण्याची ही रीत कार्टूनांहून जुनी आहे. योशिया नोबुको (१८९६–१९७३) या जपानच्या अत्यंत लोकप्रिय लेखिका. १९१६ पासून प्रकाशित होऊ लागलेल्या त्यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथामालेत शाळकरी मुलींमधील उत्कट स्नेहाच्या कथा आहेत. त्या काळच्या समाजाने असा स्नेह खपवून घेतला. पण तो विवाहापूर्वीचा एक टप्पा आहे आणि यथाकाल संपणार आहे, या गृहीतावर. मुलींच्या चित्रकथांमध्ये पुढे जे आले, त्याची एक मुळी या कथांपर्यंत जाते.

(५)
स्वतः योशिया यांच्या बाबतीत तो टप्पा संपला नाही. मोनमा चियो या स्त्रीबरोबर त्यांनी सुमारे अर्धशतक संसार केला. दोन स्त्रियांच्या सहजीवनाला कायद्यात स्थान नव्हते. तेव्हा १९५७ मध्ये योशिया यांनी चियो यांना दत्तक कन्या म्हणून स्वीकारले. कागदोपत्री त्या माय-लेकी झाल्या. मालमत्तेचा वारसा आणि आजारपणात एकमेकींसाठी निर्णय घेण्याचा हक्क मिळवण्याचा तोच मार्ग त्यांना उपलब्ध होता. डबिंगवाल्यांनी जे खोटे नाव लादले, तसेच एक नाव या दोघींनी ढाल म्हणून स्वतःहून पत्करले होते.

(६)
अमेरिकेत ही झाकपाक नियमबद्ध होती. चित्रपटांसाठीची ‘हेज संहिता’ १९३० मध्ये स्वीकारली गेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे राबवली गेली. समलिंगी प्रेम तिच्या लेखी ‘विकृती’ होते आणि पडद्यावर निषिद्ध होते. १९५२ मध्ये दूरचित्रवाणीनेही आपली स्वतंत्र आचारसंहिता केली. या चौकटीत एक पळवाट उरली, ती हास्याची. १९५७ च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ या लघुपटात बग्ज बनी स्त्रीवेश घेऊन एल्मर फडला मोहित करतो, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. थट्टा म्हणून सारे चालत होते. गंभीरपणे काहीच चालत नव्हते.

(७)
संहिता कागदावरून गेल्या, तरी मनातून गेल्या नाहीत. ‘द लेजंड ऑफ कोरा’ (२०१२–२०१४) या मालिकेचे निर्माते ब्रायन कोनिएत्झ्को आणि मायकेल डांटे डिमार्टिनो यांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. कोरा आणि असामी या दोन नायिकांच्या प्रेमाची शक्यता त्यांच्या बोलण्यात सुरुवातीलाच आली होती. मुलांच्या वाहिनीवर हे चालणार नाही, असे गृहीत धरून त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढे कोनिएत्झ्को यांच्या लक्षात आले, की असा नियम त्यांना कोणी प्रत्यक्ष सांगितलाच नव्हता. सेन्सॉरचा अधिकारी खोलीत नसतानाही त्याचे काम चालू होते.

(८)
विचारणा केल्यावर वाहिनीने पाठिंबा दिला, पण मर्यादाही घातली. १९ डिसेंबर २०१४ च्या अखेरच्या भागात कोरा आणि असामी हातात हात घेऊन प्रकाशाच्या दारातून आत जातात आणि एकमेकींकडे पाहतात. मालिका तेथे संपते. त्या रात्रीपासून चाहत्यांत वाद पेटला : ही मैत्री की प्रेम? २२ डिसेंबर रोजी दोघा निर्मात्यांनी जाहीर लिहून ते प्रेमच असल्याचे स्पष्ट केले. त्यांचे चुंबन दिसायला २०१७ ची चित्रकथा यावी लागली, आणि तेही कागदावर.

(९)
या काळातील चाहते नकळत इतिहासकाराचे काम करत होते. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ या मालिकेचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या ‘व्हॉट वॉज मिसिंग’ या भागात काही पात्रांच्या प्रिय वस्तू चोरीला जातात. राजकन्या बबलगमची वस्तू निघते एक जुना काळा टी-शर्ट, जो तिला मार्सेलिनने कधीतरी दिलेला असतो. संवादात प्रेमाचा उच्चार नाही. परंतु मौर्यकालीन खापराच्या तुकड्यावरून जसे व्यापारी मार्ग मांडले जातात, तसे चाहत्यांनी त्या टी-शर्टवरून दोघींचा हरवलेला भूतकाळ मांडला.

(१०)
हीच गोष्ट डबिंगची. मूळ जपानी भाग आणि इंग्रजी भाग शेजारी ठेवून चाहत्यांनी ओळीमागून ओळ ताडून पाहिली : कोठे शब्द बदलला, कोठे दृश्य कापले, कोठे सर्वनाम फिरवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९१९ पासून १९६६ पर्यंत हस्तलिखितांचे पाठभेद ताडण्यात आले. चाहत्यांचे काम त्या तोलाचे नव्हते, पण जातकुळी तीच : हाती आलेली संहिता अंतिम मानायची नाही, तिच्याआड दुसरी असू शकते हे ध्यानात ठेवायचे.

(११)
येथे एक भेद मात्र विसरता येत नाही. इतिहासकार ‘बहुधा’ या शब्दावर समाधान मानू शकतो. एखाद्या बारा वर्षांच्या मुलीला तो पुरत नाही. वर्गातील मैत्रिणीविषयी तिच्या मनात जे दाटून येते, त्याला तिच्या भोवतालच्या कोणत्याही गोष्टीत नाव नसते. पडद्यावर तिला ते ओळखू येते, आणि दुसऱ्याच क्षणी कोणी सांगते, की तुझ्या मनाचे खेळ आहेत, त्या नुसत्या मैत्रिणी आहेत. तेव्हा नाकारले जाते ते पात्रांचे प्रेम, आणि त्याबरोबर तिचे स्वतःला ओळखणेही. चाहते एका स्पष्ट वाक्यासाठी इतका हट्ट का धरत होते, याचे उत्तर येथे आहे.

(१२)
तो हट्ट सर्वांत नेटाने पुरवला रेबेका शुगर यांनी. त्या टी-शर्टच्या भागाच्या चित्रसंहितेवर ज्या दोघांनी काम केले, त्यांपैकी शुगर एक. २०१३ मध्ये त्यांची स्वतःची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही मालिका आली. १२ मार्च २०१५ च्या भागात तिच्यातील गार्नेट या प्रमुख पात्राचे रहस्य उलगडले : गार्नेट ही एक व्यक्ती नसून रुबी आणि सफायर या दोघींच्या प्रेमातून साकारलेले एकत्र रूप आहे. ही रचना विलक्षण चतुर होती. ते प्रेम कापायचे, तर गार्नेटलाच कापावे लागले असते. २०१६ मध्ये शुगर यांनी स्वतः उभयलिंगी आकर्षण असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा ध्यास कोठून आला होता हेही उमगले.

(१३)
तरीही कात्री चालतच राहिली. काही देशांत रुबीला पुरुषी आवाज देण्यात आला. म्हणून ६ जुलै २०१८ रोजी रुबी आणि सफायर यांचा विवाह दाखवताना शुगर यांनी विचारपूर्वक रुबीला वधूचा पांढरा पोशाख चढवला आणि सफायरला सूट. आता आवाज कोणताही दिला, तरी रुबीला वर ठरवणे सोपे राहिले नाही. याची किंमतही मोजावी लागली : या विवाहापायी मालिकेने परदेशातील काही आर्थिक पाठबळ गमावले, असे शुगर यांनी पुढे सांगितले. त्याआधी जून २०१७ मध्ये केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने सहा कार्टून मालिकांवर बंदी घातली होती. त्यांत ‘कोरा’, ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ आणि ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ या तिन्ही होत्या.

(१४)
तारखांची सनावळी कधीकधी स्वतःच बोलते. रुबी-सफायरचा विवाह ६ जुलै २०१८ चा. त्यानंतर चारच दिवसांनी, १० जुलै रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयात कलम ३७७ विषयी घटनापीठापुढे सुनावणी सुरू झाली. ३ सप्टेंबर रोजी ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ संपली आणि टी-शर्टच्या त्या भागानंतर सात वर्षांनी मार्सेलिन आणि बबलगम यांनी एकमेकींचे चुंबन घेतले. ६ सप्टेंबर रोजी घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचा निर्णय दिला. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काहीच नाही. तरीही त्या पावसाळ्यात या मालिका पाहणाऱ्या भारतीय मुलामुलींच्या आयुष्यात त्या एकाच ऋतूत घडल्या.

(१५)
या यशावर चाहत्यांचा एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. कोरा आणि असामी अखेरच्या भागात, मार्सेलिन आणि बबलगम अखेरच्या भागात, मे २०२० मध्ये ‘शी-रा’ मधील अडोरा आणि कॅट्रा याही अखेरच्या भागात. अडोराला वाचवणारे आणि पर्यायाने जग तारणारे ते प्रेम कथेचा कणा होते, हे खरे. पण पडदा पडला तो त्यानंतर लगेच. योशिया यांच्या काळी हे प्रेम संपणार म्हणून सोसले जात होते. शंभर वर्षांनंतर ते गोष्ट संपत आली म्हणून दाखवले जात होते.

(१६)
म्हणूनच ‘द आउल हाउस’चे महत्त्व. डाना टेरेस यांच्या या डिस्नी मालिकेत लूझ आणि अमिटी ऑगस्ट २०२० मध्ये एकत्र नृत्य करतात, २०२१ मध्ये एकमेकींना होकार देतात, आणि गोष्ट पुढे चालू राहते. आधी वाहिनीच्या वरिष्ठांनी नकार दिल्याचे टेरेस यांनीच सांगितले आहे; त्या मागे हटल्या नाहीत. पडद्यावर मग दिसले ते साधेच : लाजणे, रुसवे, काळजी, अमिटीच्या आईचा विरोध. साध्या दिवसांचे हे चित्रण कोणत्याही चुंबनाहून दुर्मिळ होते. तिसरे पर्व तीन विशेष भागांपुरते आखडले गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये मालिका संपली.

(१७)
हारुका आणि मिचिरू यांचे काय झाले? २०१४ मध्ये विझ मीडियाने ‘सेलर मून’चे नवे, काटछाट न केलेले इंग्रजी रूपांतर हाती घेतले आणि त्यात दोघी पुन्हा प्रेयसी झाल्या. चित्रे १९९४ चीच. शब्द तेवढे परत आले. २००० मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी तोवर चोविशीच्या पुढे गेली होती. लहानपणी तिला जे दिसले होते ते खरेच तेथे होते, हे तिला इतक्या उशिरा सांगण्यात आले.

(१८)
पडद्याबाहेर नावांचा प्रश्न मिटलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. आजही एखाद्या रुग्णालयाच्या अर्जात ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापुढे दोघींपैकी एकीचे पेन थबकते, आणि ती लिहिते : मैत्रीण, किंवा बहीण.

(समाप्त)