संगणकाशी केलेले करार

2018 च्या नोव्हेंबरपासून आमच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडे जोर जास्त. पुढचा सगळा हिवाळा लोक घराबाहेर झोपत होते, आम्हीही अंगणात. झोप येतच नव्हती. डहाणूहून भाचा आला होता, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ‘सिव्हिलायझेशन ५’ होता. 2010 चा मूळ खेळ, पुढच्या पुरवण्या नसलेला. धक्का बसला की मी आधी लॅपटॉप छातीशी धरायचो. बायको त्यावरून अजून बोलते.

भाच्याने पहिल्याच रात्री युक्ती सांगितली. “मामा, दर चालीला दहा सोनं देईन म्हणायचं, तीस चालींसाठी. बदल्यात त्याच्याकडून आत्ताच रोख घ्यायची. मग युद्ध पुकारायचं. करार रद्द!”

तसंच केलं. मी भारत घेतला होता, म्हणजे राजा गांधीजी. त्यांच्या नावाने शब्द मोडताना जरा चमत्कारिक वाटलं, पण हात थांबला नाही. सोंघाईचा आस्किया लांब समुद्रापलीकडे होता. व्यवहाराच्या पडद्यावर त्याची तिजोरी दिसते. ती रिकामी करून घेतली आणि लगेच युद्ध जाहीर केलं. त्याचं सैन्य माझ्यापर्यंत येणारच नव्हतं. आलेल्या पैशांत धनुर्धारी विकत घेतले. आमच्याकडे चिकूची बाग उक्ती घेणारा व्यापारी आगाऊ रक्कम देण्याआधी चार जणांकडे मालकाची चौकशी करतो. संगणक फक्त आकडे जुळतात का ते बघत होता.

पण आस्कियाकडूनच मी द्राक्षमद्य आणि रेशीम घेत होतो, आणि युद्धाबरोबर तेही बंद झालं. चैनीच्या प्रत्येक वस्तूमागे चार खुशी मिळते. आठ एकदम गेली, आकडा शून्याखाली आला आणि शहरांची वाढ रखडली. मग एकेका राजाने माझा जाहीर निषेध केला. माझा माल कोणी धड भावाने घेईना. शेजारचा अलेक्झांडर सीमेवर सैन्य गोळा करू लागला. तो डाव गेला.

पुढच्या डावात उलटं केलं, आणि तेच मला आजही जास्त पटतं. अलेक्झांडरलाच पैसे देऊन कॅथरिनवर सोडलं. सौदा महाग वाटतो, पण रोख नसली तर जादा वस्तूही चालते. दोघं एकमेकांत गुंतले की तुमची सीमा मोकळी. शिवाय युद्ध पुकारल्याचा डाग अलेक्झांडरला लागतो. यात मुत्सद्देगिरी किती आणि लबाडी किती, यावर मी आणि भाचा रात्रभर भांडलो आहोत.

नंतर भाच्याने 2013 ची पुरवणी घातली. तिथे रोखीची युक्ती बहुतेक संपलीच. आधी दोघांनी मैत्री जाहीर केल्याशिवाय समोरचा एकरकमी सोनं देतच नाही. आणि जाहीर मित्रावर हल्ला केला की बाकीचे सगळे बिथरतात.

चैनीची जादा वस्तू मात्र तिथेही विकता येते. संबंध बरे असतील तर चालीमागे सातेक सोनं सुटतं. वस्तू मांडून, तुम्ही काय द्याल, असं विचारायची सोय आहे. आधी ते विचारावं, स्वतः आकडा बोलू नये. जिच्या दोन प्रती आहेत तीच विकावी, नाहीतर आपलीच खुशी जाते. करार तीस चालींचा, म्हणून कुठल्या चालीला काय विकलं ते मी वहीत लिहून ठेवतो. मुदत संपली की त्याच चालीला पुन्हा सगळ्यांकडे भाव विचारायचा. दर वेळी जास्त देणारा तोच नसतो.