चँपियन आणि मास्तर

आपल्या लोकांना नावाजलेल्या माणसाचे फार वेड. डॉक्टर हवा तर हार्ली स्ट्रीटचा, आणि खेळ शिकायचा तर चँपियनकडूनच! हा विषय निघण्याचे कारण म्हणजे पिकलबॉल. या खेळाची लाट आता इंग्लंडात आली आहे आणि आमच्या उत्तर-पश्चिम लंडनमधल्या निवृत्त मंडळींतही शिरली आहे. ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढीच ४४ फूट लांब व २० फूट रुंद जागा, टेनिसपेक्षा किंचित बुटके नेट, हातात फळीसारखे पॅडल आणि भोके पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू. १९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळच्या एका बेटावर, सुटीत कंटाळलेल्या मुलांसाठी तो निघाला. नेटलगतच्या सात फुटांच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात; तेथे उभे राहून, टप्पा पडण्यापूर्वी चेंडू मारायचा नाही. (बायकांना किचनमध्ये उभे राहायला मनाई करणारा हा पहिलाच खेळ, असे आमच्या मंडळींत एकीने म्हटले.)

आम्ही बारा जणांनी वर्गणी काढून शिक्षक ठेवला. अर्थात चँपियनच. तरुण, हसतमुख, बऱ्याच स्पर्धा जिंकलेला. त्याचा खेळ पाहत राहावा असा. नेटपलीकडे चेंडू अलगद टाकण्याचा फटका दाखवताना तो म्हणे, “हात सैल सोडा, चेंडू आपोआप पडेल.” त्याच्या हातून तो खरोखरच आपोआप पडे. माझ्या पत्नीच्या हातून तो तितकाच आपोआप नेटमध्ये जाई.

तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले त्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर दुकान आणि दवाखाना सोडून ती घराबाहेर पडत नव्हती. हा आठवड्याचा एक तास तिने आपणहून निवडलेला होता. तिसऱ्या आठवड्यानंतर तिने बूट कपाटात ठेवले व म्हणाली, “तुम्ही जा. आता माझ्याच्याने व्हायचे नाही.” चँपियनने तिला एका शब्दाने दुखावले नव्हते, पण तिला का जमत नाही हे त्याला कळतच नव्हते.

पुढे तो महिनाभर परदेशी स्पर्धेला गेला, म्हणून बदली शिक्षक आल्या. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी कधी मोठे बक्षीस घेतल्याचे ऐकिवात नाही. मी पत्नीला कसेबसे तयार करून नेले. बाईंनी पहिली दहा मिनिटे चेंडूला हात लावला नाही, नुसत्या पाहत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, “तुम्ही उजवा पाय सांभाळता, म्हणून उशिरा वळता, आणि उशीर झाला की हात घाईने मागे नेता. पॅडल पोटासमोरच ठेवा आणि ड्रॉवर बंद करावा तसे पुढे ढकला.” एवढेच. त्या दिवशी चेंडू दहांतून चार वेळा पलीकडे गेला. आता ती रेषेवरून माझ्याशी वाद घालते.

आईला कालवणात नारळाचे दूध किती घालायचे विचारा, ती म्हणेल, “अंदाजाने.” तिच्या हाताला माप ठाऊक, जिभेला नाही. पण जी सून लग्नानंतर लंडनला येऊन, दोनदा कालवण नासवून शिकली, ती चमचे मोजून सांगते. लहानपणीच हातात बसलेल्या विद्येचे असेच होते.

या देशातच याचे ठळक उदाहरण आहे. बॉबी आणि जॅक चार्ल्टन हे सख्खे भाऊ, दोघेही १९६६ च्या विश्वविजेत्या संघातले. बॉबी १०६ सामने इंग्लंडकडून खेळले, ४९ गोल केले. जॅक ३५ सामने खेळले. पण खेळत असतानाच त्यांनी प्रशिक्षकाचे शिक्षण घेतले. १९७३ साली दोघेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मॅनेजर झाले. त्याच मोसमात जॅकचे मिडल्सबरो पहिले येऊन वर चढले आणि बॉबींचे प्रेस्टन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले. एकाच आईचे दोन मुलगे, एकच डिव्हिजन! जॅकनी पुढे आयर्लंडला १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले.

आपल्या शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर सर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवून ते सचिनला नाबाद राहायला शिकवीत. त्यांचे दुसरे शिष्य चंद्रकांत पंडित ५ कसोटी सामने खेळले. पण विदर्भाला आणि २०२२ साली मध्य प्रदेशाला पहिली रणजी करंडकाची विजेतेपदे मिळाली ती त्यांच्याच हाताखाली. पाहण्याची विद्या निराळीच असावी. आपल्या समाजाचे ज्युडा रूबेन १० कसोटींत पंच होते. त्यासाठी त्यांना कसोटी खेळावी लागली नव्हती.

पण म्हणून चँपियनला शिकवता येतच नाही, असे म्हणणेही मला पटत नाही. प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली वेम्बलीत ऑल इंग्लंड जिंकली. त्यांच्याकडे शिकलेल्या गोपीचंदने ती २००१ साली बर्मिंगहॅमला जिंकली आणि त्या गोपीचंदच्या शिष्येने, साईना नेहवालने, २०१२ साली पुन्हा वेम्बलीतच ऑलिंपिकचे ब्राँझ घेतले. गोपीचंदच्या गुडघ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या, हे विसरू नये. अँडी मरेला २०१३ साली विम्बल्डन जिंकायला मदत करणारे इव्हान लेंडल स्वतः तेथे १९८६ व १९८७ च्या अंतिम सामन्यांत हरले होते. हे सारे चँपियनच. पण अडणे म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते.

आमचा चँपियन परत आल्यावर वर्गणीचा प्रश्न उभा राहिला. दोघांना पुरेल एवढे पैसे नाहीत. जुने बॅडमिंटन खेळलेले आमच्यातले चौघे त्याच्याशिवाय पुढे जाणार नाहीत, हे खरे आहे; बाईंनीही ते मोकळेपणाने सांगितले. शेवटी दर आठवड्याला बाई आणि महिन्यातून एकदा तो, असे ठरले. हात वर करताना पत्नी म्हणाली, “त्याला येऊ द्या. आधी माझ्याशी एक डाव खेळू दे.”